तिसाव्या दिवसाची नोंद

सोलापुरात हृदयविकाराचा विषय निघाला की कुठल्या दवाखान्यात वर्षाला किती अँजिओप्लास्टी होतात, हे हमखास सांगितले जाते. त्यातून मला दवाखाना किती गजबजलेला आहे एवढेच कळते. अक्कलकोटहून आलेला रुग्ण तिसाव्या दिवशी जिवंत होता का, ते कळत नाही.

देशात हे मोठ्या प्रमाणावर मोजले ते ‘क्रिएट’ या अभ्यासाने. ५० शहरांतली ८९ रुग्णालये, २०,४६८ रुग्ण. निष्कर्ष २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. मोठा झटका आलेल्यांपैकी निम्म्यांना रुग्णालय गाठायला सहा तास किंवा त्याहून अधिक लागले होते. (आपल्याकडे छातीत दुखले की आधी ते पित्तच असते.) तीस दिवसांत गरिबांपैकी ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांपैकी ५.५ टक्के. मात्र मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरला, तेव्हा ही तफावत उरली नाही. म्हणजे गरिबाला औषधे आणि शस्त्रक्रिया कमी मिळाल्या, हेच तिचे मोठे कारण. तपासणीच्या खोलीत बसून हे कुणाला दिसले नसते. पुढे राज्यात महात्मा फुले जन आरोग्य योजना आली, अँजिओप्लास्टी तीत बसते. तेव्हा विडी कामगार आणि व्यापारी यांच्यातली ती दरी आज सोलापुरात किती उरली, हे नव्याने मोजायला हवे.

नुसत्या मोजण्याने भागते असेही नाही. केरळात ६३ रुग्णालयांना त्यांचेच आकडे नियमित दाखवले, तपासयाद्या दिल्या. मृत्यू, पुन्हा झटका अशा गंभीर घटना ६.४ ऐवजी ५.३ टक्के दिसल्या. पण काळानुसार सगळीकडेच होत गेलेली सुधारणा वजा करता हा फरक ठाम राहिला नाही. तमिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्यांना जोडली, गुठळी विरघळवणारे औषध जवळच देऊन रुग्ण पुढे पाठवले. वर्षभरातले मृत्यू १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आले.

करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरपलीकडे आहे, त्यामुळे मला दुसरा मार्ग आपला वाटतो. त्यासाठी वहीत मोजकेच रकाने हवेत: दुखणे कधी सुरू झाले, पहिला ईसीजी कुठे व किती वाजता, औषध कधी मिळाले, रुग्ण किती गंभीर होता. गंभीरतेचा रकाना वगळला, तर अत्यवस्थ रुग्ण घेणारे सिव्हिल उगाच बदनाम होईल. शेवटचा रकाना तिसाव्या दिवशी घरी केलेल्या फोनचा. तो फोन करणाऱ्या माणसाचा पगार कुठल्या खात्यातून द्यायचा, हे आधी ठरवावे लागेल.