इमारतीच्या भिंतीवरचा दगड : शोभा किती, धोका किती?

नव्या इमारतींच्या दर्शनी भागावर काळा ग्रॅनाइट किंवा पिवळसर जैसलमेर दगड आता सर्रास दिसतो. इमारतीला त्याने भारदस्तपणा येतो. मात्र तो नीट बसवला नाही, तर खालून जाणाऱ्यांच्या जिवावर बेतू शकते.

जुन्या आणि नव्या दगडात फरक काय?
मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारख्या जुन्या इमारतींत दगड हीच भिंत आहे आणि भारही तीच पेलते. आजच्या इमारतीचा भार आरसीसीच्या सांगाड्यावर असतो. दगडाची पातळ लादी त्यावर फक्त बाहेरून चढवतात. यालाच स्टोन क्लॅडिंग म्हणतात.

वजन किती?
20 मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन चौरस फुटाला सुमारे 5 किलो भरते. म्हणजे 100 चौरस फूट भिंतीवर अर्धा टन.

लादी सुटते कशी?
उन्हात दगड, सिमेंट आणि काँक्रीट कमी-अधिक फुगतात. सांध्यांत फट पडते. पावसाचे पाणी मागे शिरते आणि पकड ढिली होते. लादीची मागची बाजू गुळगुळीत असेल किंवा ती रंगावरच चिकटवली असेल, तर पकड मुळातच कच्ची राहते.

योग्य पद्धत कोणती?
कमी उंचीवर, भिंत खरवडून चांगल्या प्रतीच्या ॲडहेसिव्हने लादी बसवता येते. जास्त उंचीवर ड्राय क्लॅडिंग सुरक्षित. त्यात जाड लादी स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पवर टेकवतात आणि मागे मोकळी जागा ठेवतात. साधे लोखंड वापरल्यास ते गंजून फुगते आणि दगड तडकतो.

दगडाची निवड चुकली तर?
शिकागोतील एऑन सेंटर या गगनचुंबी इमारतीला सत्तरच्या दशकात पातळ इटालियन संगमरवर लावला होता. ऊन-थंडीच्या माऱ्याने लाद्या वाकल्या. 1990 ते 1992 दरम्यान सुमारे 43 हजार लाद्या काढून ग्रॅनाइट बसवावा लागला.

सोसायट्यांनी काय पाहावे?
लादीवर ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज, सांध्यांतील फटी, पांढरा खार, गंजाचे ओघळ ही धोक्याची लक्षणे. स्ट्रक्चरल ऑडिट करताना दर्शनी दगडाचीही तपासणी करून घ्यावी. सैल लादी दिसल्यास दुरुस्ती होईपर्यंत खालची वाट बंद ठेवावी.