चूक एकट्या कामगाराची?

कारखान्यात अपघात झाला की चौकशी बऱ्याचदा दोनच शब्दांवर येऊन थांबते: 'कामगाराचा निष्काळजीपणा'. फाइल बंद होते, पण अपघाताचे खरे कारण तिथेच दबा धरून बसते. भोपाळची दुर्घटना याचे सर्वांत भयानक उदाहरण आहे.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होते. साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. गळती ध्यानात आली, पण चहा झाल्यावर बघू, असे ठरले. मध्यरात्रीनंतर विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. हजारो माणसे दगावली, पाच लाखांहून अधिक लोकांना बाधा झाली.

तो चहा महागात पडला, हे खरेच. पण त्या कारखान्यात लहानसहान गळती नित्याचीच झाली होती. डोळ्यांत पाणी आले तरी कोणाला नवल वाटत नसे. धोक्याची सवय होणे हाच सर्वांत मोठा धोका!

सुरक्षायंत्रणा कुठे होती?

टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली होती. वायू जाळणाऱ्या मनोऱ्याचा नळ दुरुस्तीसाठी काढलेला होता. वायू निष्प्रभ करणारी यंत्रणा एवढ्या लोटापुढे तोकडी पडली. खर्च वाचवण्यासाठी कामगारही कमी केले होते. पाणी एका कामगाराने मुद्दाम सोडले, असा कंपनीचा दावा. तर नळ धुताना ते शिरले, असे कामगारांचे म्हणणे. यातले काहीही खरे मानले, तरी ती एक चूक थोपवायला पुढे काहीच उरले नव्हते. २०१० मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले ते भारतीय कंपनीच्या अध्यक्षांपासून उत्पादन सहायकापर्यंत सर्वांना.

मग करायचे काय?

माणूस आहे तिथे चूक होणारच. ती जिवावर बेतू नये, अशी व्यवस्था हवी. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक कारखान्यांत कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती आवश्यक ठरली. पण 'आज थोडक्यात वाचलो' हे कामगाराने न घाबरता सांगितले आणि वरिष्ठांनी ऐकून घेतले, तरच अशा समितीचा उपयोग. घरच्यांनीही संध्याकाळी हा प्रश्न जरूर विचारावा. थोडक्यात टळलेला अपघात ही पुढच्या अपघाताची आगाऊ सूचना असते.