पिकअपचा हौदा बनवताय? मग किलोवर दर सांगू नका!

गेट-ग्रिल-शेडच्या पुढचं चांगलं काम हवं असेल तर गाडीच्या हौद्याकडे बघा. फोर बाय फोर पिकअपवर सपाट हौदा कसा चढतो ते व्हिडिओत बघितलंच असेल. पैशाचा हिशोब तिथे मावत नाही, म्हणून तो इथे.

आपल्या लाईनमध्ये दर किलोवर सांगायची सवय आहे. गेटला ते चालतं, हौद्याला नाही. कारण माल धरून गाडीचं एकूण वजन किती असावं हे कंपनीने ठरवलेलं असतं. हौद्यात वाढलेला प्रत्येक किलो मालातून वजा होतो. म्हणजे तुमचं बिल वाढतं आणि गिऱ्हाईकाची कमाई घटते!

समजा, कोकणातला आंबा बागायतदार आलाय. हौदा 8 बाय साडेपाच फूट, म्हणजे साधारण 4.09 चौरस मीटर. 1 मिमी जाडीचा पत्रा चौरस मीटरला 7.85 किलो भरतो. तळाला 5 मिमी पत्रा टाकला तर 160 किलो, 3 मिमी टाकला तर 96. चेकर्ड प्लेट घेतली तर नक्षीचं वजन थोडं वर. पातळ पत्रा दबू नये म्हणून खाली 50 बाय 50 बाय 3 च्या दोन आडव्या ट्यूब जास्त टाका, त्यांचे 15 किलो. तरी 49 किलो वाचले. 20 किलोचा क्रेट धरला तर दर फेरीला जवळपास अडीच क्रेट. हे गणित गिऱ्हाईकासमोर कागदावर मांडा, मग तो शेजारच्या शॉपचा किलोचा दर सांगणार नाही.

आता बसवायचं कसं? हौदा चेसिसला थेट वेल्ड करायचा नाही, म्हणजे नाहीच. खडकाळ रस्त्यावर चेसिस पिळली जाते, हौदा तसा पिळत नाही; मग वेल्ड तरी तुटतो नाहीतर चेसिसला तडा जातो. मागे पक्कं धरा, पुढे स्प्रिंगवाले बोल्ट द्या, म्हणजे तिथे थोडी हालचाल राहते. मागचा भाग जास्त बाहेर काढू नका, चढ संपताना तोच घासतो. पाटे पूर्ण दबले तरी टायर वर लागता कामा नये, हेही मोजा. आणि गाडीवर वेल्डिंग करायचंच असेल तर आधी बॅटरीची वायर काढा. ईसीयू जळला तर त्या कामाचा नफा तिथेच संपला.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत, पण टाळू नका. नव्या कॅब-चेसिसवर हौदा बांधला की फॉर्म 22-ए चा दुसरा भाग बॉडी बनवणाऱ्याच्या सहीचा असतो. ती सही तुमची चालेल का, हे ॲडव्हान्स घेण्याआधी आरटीओत विचारा. गाडी आधीच पासिंग झालेली असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागू होतं. मंजुरीशिवाय कटर लावू नका.

कोटेशन पूर्ण हौद्याचं द्या: ड्रॉइंग, पत्र्याची जाडी, अंदाजे वजन, रंग, फाळके, फिटिंग. डिझाईनचे पैसे वेगळ्या ओळीत लिहा, लोक देतात. गाडी द्यायच्या दिवशी ती वजनकाट्यावर न्या आणि काट्याची पावती बिलाला जोडा.