जपानी वाक्यातील ‘वा’ आणि इंग्रजीचा कर्ता

इंग्रजी व जपानी वाक्यांची तुलना करू लागताच पदक्रमाचा भेद प्रथम नजरेत भरतो. इंग्रजीत क्रियापद कर्ता व कर्म यांच्या मध्ये येते, जपानीत ते वाक्याच्या अखेरीस येते. मराठी वाचकाला यात नवल वाटावे असे काही नाही. खरा भेद कर्त्याच्या ठायी आहे.

इंग्रजीतील विधान सामान्यतः कर्त्यावाचून उभे राहत नाही. पाऊस पडतो एवढेच सांगावयाचे असले, तरी ‘इट’ हे अर्थशून्य सर्वनाम कर्त्याच्या आसनावर बसवावे लागते. जपानीत ‘अत्सुइ’, म्हणजे ‘उकडते आहे’, हे एकटे विशेषण पूर्ण वाक्य होय.

आता ‘झोओ वा हाना गा नागाइ’ हे वाक्य पाहावे. झोओ म्हणजे हत्ती, हाना म्हणजे नाक किंवा सोंड, नागाइ म्हणजे लांब. लांबी हा सोंडेचा धर्म, म्हणून कर्तृवाचक ‘गा’ सोंडेला लागला. मग हत्तीचे स्थान कोणते? ‘वा’ एवढेच सुचविते की, पुढील कथन हत्तीविषयी आहे. हत्ती येथे विषय आहे, कर्ता नव्हे. खाणावळीत कोणी ‘बोकु वा उनागि दा’ म्हणाला, तर ‘मी वाम मासा आहे’ असा त्याचा अर्थ होत नाही. ‘माझ्यापुरते म्हणाल तर वाम’ एवढाच होतो. इंग्रजीच्या साच्यात हे वाक्य शब्दशः ओतले की हास्यास्पद ठरते.

मिकामी आकिरा या गणिताच्या शिक्षकाने 1960 साली हत्तीचे हेच वाक्य ग्रंथाचे शीर्षक केले. कर्ता ही पाश्चात्त्य व्याकरणाची उसनवारी असून जपानी व्याकरणातून ती काढून टाकावी, असा त्यांचा आग्रह होता. तो टोकाचा म्हणावा लागेल. कारण आदरार्थी क्रियारूपे आणि ‘जिबुन’ हे स्वतःवाचक पद यांचा अन्वय बहुधा कर्त्याशीच लागतो, हे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले. परंतु विषय व कर्ता यांची गल्लत करू नये, हा त्यांचा मुद्दा टिकला. ‘कोण आले?’ या प्रश्नातील ‘दारे’ या पदाला ‘वा’ लागत नाही, ‘गा’च लागतो. जे अज्ञात आहे, ते विषय कसे होणार?

‘मला आंबा आवडतो’ हे जपानीत ‘वाताशी वा मांगो गा सुकि दा’ असे होते. ‘गा’ आंब्याला लागतो, आणि मराठीतही क्रियापद आंब्याशीच जुळते. ‘मला’ मात्र ‘वा’युक्त पदाइतके मोकळे नाही, त्याची चतुर्थी ‘आवडणे’ या क्रियापदानेच ठरविलेली आहे.