प्रवाळ मत्स्यालयाचे पहिले रहिवासी

मुंबईत बालपण गेलेल्या अनेकांची रंगीत समुद्री माशांशी पहिली ओळख मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात झालेली असते. १९५१ साली उघडलेल्या त्या वास्तूतल्या अंधाऱ्या दालनांत काचेला नाक लावून पाहिलेले जग आपल्या दिवाणखान्यात असावे, ही इच्छा अमेरिकेत स्वतःचे घर झाल्यावर पुन्हा डोके वर काढते. भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे मालवणच्या समुद्रात दिसणारे प्रवाळ घरी ठेवण्याचा विचारही करता येत नाही. येथे मात्र दुकानात जाऊन प्रवाळाचा तुकडा विकत घेता येतो. कायदा अडवत नाही, तेव्हा काय आणावे आणि काय आणू नये, याचा निर्णय आपल्यावरच येऊन पडतो.

टाकी, पंप, दिवे आणि मीठ यांविषयी माहितीचा तुटवडा नाही. चूक होते ती जीव निवडताना, आणि तिची किंमत तो जीव मोजतो.

पहिले रहिवासी डोळ्यांना दिसतच नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पूर्वी या काळात स्वस्तातले डॅमसेल मासे टाकीत सोडण्याची पद्धत होती. बरेचसे मरत, आणि जे तगत ते टाकीचे मालक होऊन नंतर येणाऱ्या प्रत्येक माशाला छळत. आता बाटलीबंद अमोनिया मिळतो. तो थेंबाथेंबाने घालून तपासणी संचावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबावे. पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास आणि तापमान ७८ अंश फॅरनहाइट या काळातच स्थिर करून घ्यावे. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन आणि इतर क्षार असतात, म्हणून आरओडीआय यंत्रातून गाळलेलेच पाणी वापरावे.

यानंतर काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर चढतो. नवखा माणूस येथे घाबरतो, पण हीच पहिल्या दृश्य रहिवाशांना बोलावण्याची वेळ. ट्रोकस आणि सेरिथ जातीच्या गोगलगायी हे शेवाळ खातात, नासेरियस गोगलगायी वाळूत दडून उरलेले अन्न फस्त करतात. मध्यम टाकीला अशा आठ-दहा गोगलगायी पुरेत. दुकानदार पन्नासाचे पाकीट सुचवतो, पण एवढ्यांना पुरेल इतके शेवाळ नव्या टाकीत नसते आणि त्या उपाशी मरतात. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी: माशांच्या रोगांवर वापरले जाणारे तांबेयुक्त औषध गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ यांना मारक ठरते. म्हणून आजारी माशावर वेगळ्या टाकीत उपचार करावेत, आणि नवा मासा मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी काही आठवडे तेथेच ठेवावा.

पहिला मासा म्हणून क्लाउनफिश सुचवला जातो, तो केवळ चित्रपटामुळे नव्हे. त्याची पिल्ले अंड्यातून बाहेर पडताना तुलनेने मोठी असतात आणि सहज पैदास करता येणाऱ्या सूक्ष्म जीवांवर वाढतात. त्यामुळेच १९७० च्या दशकात फ्लोरिडात मार्टिन मो यांना त्यांची व्यावसायिक पैदास करता आली, आणि आज दुकानातले बहुतेक क्लाउनफिश टाकीतच जन्मलेले असतात. असा मासा कोरडे अन्न खायला शिकलेला असतो आणि काचेच्या भिंतींना सरावलेला असतो. सर्व क्लाउनफिश नर म्हणून जन्मतात आणि जोडीतला वरचढ मासा पुढे मादी होतो. म्हणून एक लहान आणि एक मोठा, असे दोन लहान वयातच घ्यावेत. जोडी आपोआप जुळते. समुद्रफुलाची त्यांना गरज नसते. समुद्रफूल नव्या टाकीत बहुधा टिकत नाही, आणि फिरता फिरता पंपात अडकले तर सारी टाकी नासवते. क्लाउनफिश नीट सांभाळला तर वीस वर्षे जगू शकतो. व्हिसा, नोकरी आणि शहर यांच्या बदलांत आपण स्वतः वीस वर्षांचा बेत क्वचितच करतो, याचा विचार विकत घेण्यापूर्वी झालेला बरा.

घरात मुले असतील तर पुढची मागणी 'डोरी'ची, म्हणजे पॅसिफिक ब्लू टँगची. तिला ठाम नकार द्यावा. दुकानात दोन इंचांचा दिसणारा हा मासा फूटभर वाढतो, सतत पोहतो, आणि चाळीस गॅलनच्या टाकीत त्याची अवस्था लिफ्टमध्ये कोंडलेल्या माणसासारखी होते. टँग माशांची अतिसूक्ष्म पिल्ले अनेक आठवडे खुल्या समुद्रात तरंगत वाढतात, म्हणून त्यांची पैदास फार अवघड असते. हवाईतील ओशनिक इन्स्टिट्यूटला पिवळ्या टँगच्या बाबतीत यश आले ते २०१५ मध्ये, आणि फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ब्लू टँग वाढला तो २०१६ मध्ये. २०१७ साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने मत्स्यालयांसाठीच्या मासेमारीला पर्यावरणीय आढावा आवश्यक ठरवला. त्यानंतर पिवळ्या टँगची किंमत कशी चढली, हे जुन्या छंदींना चांगले आठवते.

मासा कोठून आला हा प्रश्न म्हणूनच दुकानात मोकळेपणी विचारावा. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात खडकांच्या फटींत सायनाइड फवारून मासे बेशुद्ध करून पकडण्याचे प्रकार दीर्घकाळ चालत आले आहेत. असा मासा दुकानात धडधाकट दिसतो आणि घरी आल्यावर काही दिवसांत कारण न कळता मरतो. बांगाई कार्डिनल या देखण्या काळ्या-पांढऱ्या माशाची कथा वेगळी आहे. त्याचा नर अंडी तोंडात सांभाळतो, आणि पिल्ले प्रवाहाबरोबर दूर न जाता आईबापांजवळच वाढतात. त्यामुळे सुलावेसीजवळच्या एका बेटाभोवतीचे मासे पकडून संपवले की दुसऱ्या बेटाहून नवे येत नाहीत. अमेरिकेने २०१६ मध्ये त्याला धोक्यातील प्रजातींच्या यादीत घातले. शांत स्वभावाचा हा मासा नवख्यांसाठी उत्तम, पण टाकीत जन्मलेलाच घ्यावा. कॅरिबियनमधला जांभळा-पिवळा रॉयल ग्रामा एकटा ठेवल्यास काटक ठरतो. फायरफिशही शांत असतो, मात्र टाकीला जाळीचे झाकण हवे. नाहीतर तो सकाळी गालिच्यावर वाळलेला सापडतो.

माझी स्वतःची चूक होती मँडरिन. तिसऱ्याच महिन्यात त्याच्या निळ्या-केशरी नक्षीला भुलून मी तो घरी आणला. तो दिवसभर दगडांवर टिपत राही, आणि मी ते समाधानाने पाहत असे. तो कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव शोधत होता, आणि माझ्या कोवळ्या टाकीत ते जवळपास नव्हतेच. पाचव्या आठवड्यात त्याचे पोट खपाटीला गेले. शेजारी अन्न तरंगत असताना तो उपाशी मेला.

प्रवाळांच्या बाबतीत घाई आणखी महाग पडते. त्यांच्या ऊतींत राहणारे एकपेशीय शैवाल प्रकाशावर अन्न तयार करते. पाण्यात अचानक बदल झाला की ही भागीदारी मोडते आणि प्रवाळ पांढरे पडते. फांद्यांचे अॅक्रोपोरा म्हणूनच पहिल्या वर्षी नको. मशरूम, लेदर आणि केनिया ट्री ही मऊ प्रवाळे चुका पोटात घालतात. ग्रीन स्टार पॉलिप इतका फोफावतो की तो मुख्य दगडांपासून दूर, सुट्या दगडावरच ठेवावा. झोअँथिड सुंदर आणि काटक, पण त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. ते हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू किंवा घासू नये. तसे केल्याने घरातल्या माणसांना रुग्णालयात न्यावे लागल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक मोठ्या शहरांत छंदींची मंडळे असतात आणि तेथे घरच्या प्रवाळांचे तुकडे स्वस्तात, कधी फुकटही मिळतात. हा पर्याय दुकानापेक्षा सरस.

शेवटचा मुद्दा भारतवारीचा. तीन-चार आठवडे घर बंद राहणार असेल तर माशांच्या भुकेपेक्षा पाण्याचे बाष्पीभवन अधिक घातक: पाणी उडते, मीठ उरते आणि क्षारता चढत जाते. आपोआप गोडे पाणी भरणारे यंत्र जाण्याच्या महिनाभर आधी बसवून पारखावे. शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी आणि दररोजच्या अन्नाच्या वेगवेगळ्या पुड्या बांधून ठेवाव्यात. डबा हाती दिला तर प्रेमापोटी तो तीन दिवसांत रिकामा होतो. आणि टाकी मोडायचीच वेळ आली तर मासे मंडळाला किंवा दुकानाला परत द्यावेत. समुद्रात किंवा ओढ्यात काहीही सोडू नये. फ्लोरिडाच्या डेनिया बीचजवळ १९८५ मध्ये पहिला लायनफिश दिसला. आज तो कॅरिबियनभर पसरला आहे, आणि त्याचे मूळ मत्स्यालयांतच असावे असे मानले जाते. सॅन डिएगोजवळच्या खाजणात २००० साली सापडलेले कॉलर्पा हे मत्स्यालयातले शेवाळ निपटायला सहा वर्षे आणि सुमारे ७० लाख डॉलर लागले.