दुकानाचें कार्ड आणि घरची जामीनकी

‘आज रोख, उद्यां उधार’ ही पाटी कधीं पाहिली नाहीं, असा माणूस महाराष्ट्रांतील कोणत्याही पेठेंत सांपडणें कठीण आहे. गंमत अशी कीं, ही पाटी आपल्या डोक्यावर टांगणारा दुकानदार स्वतः मात्र उधारीवांचून एक आठवडाही चालूं शकत नाहीं. त्याचा माल घाऊक व्यापाऱ्याकडून पंधरा दिवसांच्या किंवा महिन्याच्या बोलीवर आलेला असतो. मोठें गिऱ्हाईक माल आज नेतें व पैसे सवडीनें देतें. आणि या दोहोंच्या मध्यें जें अंतर पडतें, तें कोणास तरी भरून काढावेंच लागतें. जुन्या काळीं तें पेढीवाला भरून काढी. हुंडी स्वीकारतांना तो कागदाकडे कमी आणि माणसाकडे अधिक पाही. बाप कोण, घर कोठें, गेल्या सालचें देणें कोणत्या मितीस चुकतें केलें, एवढें ठाऊक असलें म्हणजे त्याचें काम भागे.

आज हेंच अंतर भरून काढण्यासाठीं बँकांनीं लहान व्यावसायिकांकरितां क्रेडिट कार्ड काढलें आहे. रिझर्व्ह बँकेनें २१ एप्रिल २०२२ रोजीं कार्डांविषयीं जे निर्देश काढले, त्यांत व्यवसायाच्या खर्चासाठीं संस्थांना किंवा व्यक्तींना दिलेलें कार्ड अशी त्याची व्याख्या केलेली होती. त्यांतील ‘किंवा व्यक्तींना’ हे शब्द लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. पुढें १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पांत, ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठीं ५ लाख रुपयांपर्यंतच्या मर्यादेचीं कार्डें काढण्याची व पहिल्या वर्षीं तशीं १० लाख कार्डें देण्याची घोषणा झाली. तेव्हां हा अर्ज भरण्याचा प्रसंग आतां केवळ पेठेंतल्या दुकानदारावर येतो असें नाहीं. घरीं बसून मसाले कुटणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या किंवा शिकवण्या घेणाऱ्या कुटुंबांवरही तो येतो. आणि अशा कुटुंबांत एक समज फार घट्ट रुजलेला आढळतो. कार्ड दुकानाच्या नांवाचें, म्हणून देणेंही दुकानाचें. घराचा त्याच्याशीं संबंध नाहीं! हा समज बहुतेक बाबतींत खोटा आहे.

ठाण्यास एका चाळींत किंवा सोसायटींत राहून दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या एक बाई कल्पनेनें डोळ्यांपुढें आणाव्या. आश्विन लागला कीं बेसन, साखर, तूप, खोबरें यांची त्यांची खरेदी सुरू होते. ज्या कचेऱ्या शंभर-शंभर डबे मागवितात, त्या पैसे देतात दिवाळी उलटून गेल्यावर. कार्ड घ्यावें असा विचार मनांत येतो आणि अर्ज समोर येऊन पडतो.

अर्जास लागणारे कागद तसे दुर्मिळ नाहींत. पॅन आणि आधार तर घरोघरीं आहेत. व्यवसाय चालूं असल्याचा पुरावा म्हणून महाराष्ट्रांत ज्याला सर्रास ‘गुमास्ता’ म्हणतात तो कागद लागतो. २०१७ च्या कायद्याप्रमाणें थोडे कामगार असलेल्या लहान ठिकाणीं रीतसर नोंदणीची गरज नसून नुसती सूचना दिली तरी पुरते. खाद्यपदार्थांचा धंदा असल्यास अन्नसुरक्षेची नोंदणी हवी. ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती स्वतःच्या निवेदनावर होते आणि सरकार तिच्यासाठीं एक पैही घेत नाहीं. ती करून देतों म्हणून हजार-दोन हजार उकळणारे मध्यस्थ जागोजागीं भेटतात, त्यांची ओळख दुरूनच बरी. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटींची गुंतवणूक व दहा कोटींची उलाढाल इतकी वाढविली गेली. त्यामुळें फराळ करणाऱ्या बाई आणि पांच माणसें राबवणारा छापखानेवाला हे दोघेही एकाच वर्गांत बसतात.

खरी अडचण कागदांची नाहीं, खात्याची आहे. बाईंचे डब्यांचे पैसे यूपीआयनें त्यांच्या बचत खात्यांत येतात. त्याच खात्यांतून दूधवाल्याचें बिल जातें, मुलाची फी जाते, सासूबाईंच्या औषधाचे पैसे जातात. भाऊबीजेची ओवाळणी जमा होते तीही तेथेंच. हिशेब बाईंच्या डोक्यांत पक्का आहे. लाडू कोणत्या भावानें पडला हें त्या झोपेंतही सांगतील. परंतु खात्याचा उतारा हातीं घेऊन बसलेल्या बँकेच्या माणसास तेथें धंदा दिसतच नाहीं. दिसतो तो केवळ संसार. म्हणून अर्जाच्या निदान वर्षभर आधीं चालू खातें उघडून धंद्याची आवक-जावक त्यांतूनच करावी, हें सर्वांत उपयोगी काम होय, आणि नेमकें तेंच लोक शेवटीं करतात. प्राप्तिकराच्या विवरणपत्राचेंही असेंच. कराच्या वेळीं उत्पन्न आकसतें आणि कर्जाच्या वेळीं फुगतें, हा मध्यमवर्गाचा जुना रिवाज आहे. पण आतां दोन्ही कागद एकाच टेबलावर शेजारीं-शेजारीं ठेवले जातात आणि बँक त्यांतला लहान आंकडा खरा धरते.

यानंतर येते ती पत. पेढीवाल्याच्या ओळखीची जागा आतां पतमाहिती कंपन्यांनीं घेतली आहे. त्यांतली पहिली, जिला सारे ‘सिबिल’ म्हणतात, ती २००० सालीं स्थापन झाली. २००५ सालीं या कंपन्यांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. माणसाची पत ३०० ते ९०० या आंकड्यांत मोजली जाते. लहान उद्योगांना १ ते १० असा क्रम देण्याचीही एक पद्धति आहे. तींत १ हा सर्वांत उत्तम. परंतु ज्या धंद्यानें आजवर बँकेकडून कांहीं घेतलेंच नाहीं, त्याला हा क्रम कोठून असणार? मग बँक वळते ती मालकिणीच्या स्वतःच्या आंकड्याकडे. तीन वर्षांपूर्वीं कपडे धुण्याच्या यंत्राचे दोन हप्ते उशिरा गेले असतील तर ते तेथें नमूद आहेत. भाच्याच्या मोटारसायकलीच्या कर्जास भिडेखातर जामीन राहिल्या असतील तर तेंही नमूद आहे. दुकानाच्या अर्जांत अशा रीतीनें सारें घर हजर असतें.

हा पतअहवाल अर्जाच्या आधीं स्वतः पाहून घेण्याची सोय आहे. प्रत्येक पतमाहिती कंपनीनें वर्षांतून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे, असें रिझर्व्ह बँकेनें ठरविलेलें आहे. त्यांत चूक आढळल्यास, फेडलेलें कर्ज उभें दिसत असल्यास किंवा भलत्याच माणसाचें खातें आपल्या नांवावर आल्यास, तक्रार करतां येते. ती ३० दिवसांत निकालांत न निघाल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ पासून लागू झाला. कार्ड मिळावें म्हणून एकाच आठवड्यांत चार बँकांकडे अर्ज टाकणें मात्र अंगाशीं येतें. प्रत्येक बँकेची चौकशी अहवालांत उमटते, आणि चार दारें ठोठावणारा माणूस गरजू आहे हें पांचव्या दाराला कळतें. अर्ज नाकारल्यास बँकेनें त्याचें नेमकें कारण लेखी कळविलें पाहिजे, हेंही २०२२ च्या निर्देशांत होतें. तें कारण मागून घेण्यास लोक संकोचतात. वास्तविक पुढच्या अर्जाची तयारी त्या एका ओळींतच असते.

आतां सहीकडे वळावें. एकट्याच्या मालकीचा धंदा हा कायद्याच्या दृष्टीनें मालकाहून निराळा नसतो. ‘अमुक फराळ केंद्र’ हें नांव पाटीवर कितीही ठळक असलें तरी कायद्यास तें दिसत नाहीं. त्यामागची बाई दिसते. कार्डाचें देणें थकलें तर तें तिचें स्वतःचें देणें होय. भागीदारीची, म्हणजे १९३२ च्या कायद्याखालील पेढीची, गोष्टही फारशी वेगळी नाहीं. तेथें प्रत्येक भागीदार संपूर्ण देण्यास बांधलेला असतो, निम्म्या-निम्म्यास नव्हे. मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली तर कायद्यानें घर व धंदा यांत भिंत उभी राहते खरी; पण लहान कंपनीस कार्ड देतांना बँक बहुधा संचालकांची वैयक्तिक हमी मागते आणि त्या भिंतीस दार पाडून घेते. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमान्वयें, करारांत निराळें कांहीं ठरलें नसल्यास, जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. धनकोनें आधीं ऋणकोचा पिच्छा पुरवावा आणि मग जामिनाकडे यावें, असा क्रम नाहीं.

हुकूमनामा झालाच तर दिवाणी व्यवहार संहितेच्या ६० व्या कलमानें अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, कारागिराचीं हत्यारें अशा वस्तु जप्तींतून वगळल्या आहेत. बाकीच्या मालमत्तेंत दुकानची कोणती व घरची कोणती, हा भेद एकट्या मालकाच्या बाबतींत राहत नाहीं. उलट बाजूनें एक गोष्ट धीर देणारीही आहे. पतीनें किंवा मुलानें कोठेंही सही केली नसेल, तर केवळ नात्यापायीं त्यांच्यावर हें देणें येत नाहीं. आणि मृत्यूनंतर वारसांवर जबाबदारी येते ती मृताच्या मागें राहिलेल्या मालमत्तेपुरतीच. वसुलीस आलेला माणूस दारांत उभा राहून याहून निराळें कांहीं सांगूं लागला तर तें ऐकून घेऊं नये. म्हणूनच अर्जाच्या पानांत ‘सहअर्जदार’ किंवा ‘हमीदार’ या शब्दाखालीं फुलीची खूण करून “येथें सही करा” असें सांगण्यांत येतें, तेव्हां तें पान घरीं आणून वाचणें अगत्याचें आहे.

व्याजाचा हिशेब हा तर या प्रकरणांतला सर्वांत अवघड भाग. जाहिरातींत सुमारें पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत ठळक अक्षरांत असते आणि ती खोटी नसते. परंतु ती मिळते बिल संपूर्ण फेडणाऱ्यास. ज्या वर्षीं दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभीं येते, त्या वर्षीं बाईंनीं १ ऑक्टोबरला ६०,००० रुपयांचा माल कार्डावर घेतला असें धरावें. बिल निघालें २० ऑक्टोबरला, पैसे भरण्याची शेवटची तारीख ९ नोव्हेंबर. एका कचेरीचे पैसे अडकले, म्हणून त्या दिवशीं ५०,०००च भरले, राहिले १०,०००. व्याज या दहा हजारांवर पडेल, असें कोणासही वाटेल. बहुतेक बँकांच्या रीतीप्रमाणें तें पडतें संपूर्ण ६०,००० वर, आणि तेंही १ ऑक्टोबरपासून. दर महिन्यास साडेतीन टक्के, म्हणजे वर्षास ४२ टक्के, हा या कार्डांवर अनोळखी नसलेला दर धरला, तर ९ नोव्हेंबरपर्यंतच्या ३९ दिवसांचे सुमारें २,६९३ रुपये होतात. पुढें २० नोव्हेंबरच्या बिलापर्यंत उरलेल्या दहा हजारांवर आणखी १२७. त्यावर १८ टक्के जीएसटी ५०७ रुपये. दहा हजार रुपये थकले, त्यांबद्दल सुमारें ३,३०० रुपये गेले! शिवाय मागील बाकी उभी असेतोंपर्यंत नव्या खरेदीस बिनव्याजी मुदत मिळत नाहीं. ती पहिल्या दिवसापासून व्याज खाऊं लागते. कार्डानें रोख रक्कम काढली तर तिला ही मुदत मुळींच नसते आणि वर काढणावळ पडते ती वेगळीच.

‘किमान देय रक्कम’ म्हणून बिलावर जो लहानसा आंकडा छापलेला असतो, तो भरल्यानें उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाहीं. सावकाराच्या व्याजास जुन्या धर्मशास्त्रानें ‘दामदुपट’ हा बांध घातला होता. एका वेळीं मुद्दलापेक्षां अधिक व्याज वसूल करतां येऊं नये, हा तो नियम मुंबई इलाख्यांतील न्यायालयेंही मानीत. महाराष्ट्रांत सावकारीवर आज २०१४ चा कायदा आहे, पण बँका त्याच्या कक्षेबाहेर आहेत. कार्डावर ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणें ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं दिला होता. सर्वोच्च न्यायालयानें २० डिसेंबर २०२४ रोजीं तो रद्द ठरविला. म्हणजे येथें बांध घालण्याचें काम ज्याचें त्यालाच करावें लागतें.

ज्यांच्यापाशीं धंद्याचे कागद अपुरे आहेत, त्यांस मुदत ठेवीवर मिळणारें कार्ड हा एक मार्ग आहे. ठेवीच्या रकमेहून कांहीं कमी मर्यादेचें कार्ड बँक देते. ठेवीवर व्याज चालूंच राहतें आणि वर्ष-दीड वर्ष बिलें वेळच्या वेळीं फेडलीं म्हणजे पतीचा आंकडा आपोआप उभा राहतो. देणें थकलें तर ठेव जाते, हें उघड आहे. पण काय जाणार हें पहिल्याच दिवशीं ठाऊक असतें. पंचवीस हजारांच्या ठेवीवर आरंभ केलेल्या बाईंना पुढच्या दिवाळीस साधें कार्ड मागतांना बोलावयास कांहीं तरी जागा असते.

आणि धंदा बंद करतांना कार्ड बंद करण्यास विसरूं नये. पाटी उतरते, डबे माळ्यावर जातात, पण कार्ड चालूंच राहून त्याची वार्षिक वर्गणी बिलावर येत राहते व न भरलेली ती वर्गणी पुढें पतअहवालांत थकबाकी म्हणून उगवते. कांहीं बाकी नसेल तर लेखी मागणी केल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत बँकेनें कार्ड बंद केलें पाहिजे, आणि विलंब झाल्यास दर दिवसास ५०० रुपये ग्राहकास द्यावे, असा दंडक २०२२ च्या निर्देशांनीं घातला. मागणी कोणत्या तारखेस केली याची पोंच मात्र जपून ठेवावी.