परीक्षा मुलांची, कसोटी घराची

शालान्त परीक्षांचे कोकण विभागीय मंडळ २०१२ मध्ये रत्नागिरीत स्थापन झाले, आणि तेव्हापासून रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा हा लहानसा विभाग निकालात राज्यात सातत्याने अग्रस्थानी राहिला आहे. २०२४ च्या दहावीच्या परीक्षेत राज्याचा निकाल ९५.८१ टक्के, तर कोकणचा ९९.०१ टक्के लागला; २०२५ मध्ये हेच आकडे अनुक्रमे ९४.१० आणि ९८.८२ असे होते. याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जेथे शंभरांतील नव्व्याण्णव मुले उत्तीर्ण होतात, तेथे उत्तीर्ण होण्याचे कौतुक उरत नाही आणि अनुत्तीर्ण होणारा अगदी एकटा पडतो. उरलेल्यांची धाव मग टक्क्यांसाठी सुरू होते व तिचा ताण घराघरांत शिरतो.

हा ताण सर्वांनाच आहे. तथापि राजिवडा, मिरकरवाडा किंवा खाडीकाठच्या गावांतील मुस्लिम कुटुंबांत त्याला काही निराळी कारणे येऊन मिळतात. येथील कित्येक घरांतील कर्ता पुरुष आखातात नोकरीला असतो. घर सोडून राहण्याचे दुःख तो मुलांच्या शिक्षणाच्या आशेवर सोसतो. मुलालाही ते ठाऊक असते. साहजिकच दूरध्वनीवरून येणारा ‘पेपर कसा गेला?’ हा साधा प्रश्न त्याच्या कानी हिशेब मागितल्यासारखा पडतो. दुसरे कारण समाजाच्या अपेक्षेचे. मुस्लिमांच्या शैक्षणिक मागासलेपणाची चर्चा सच्चर समितीच्या २००६ मधील अहवालापासून सतत होत आली आहे. २००१ च्या जनगणनेत देशातील मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के होती. ही उणीव भरून निघाली पाहिजे, यात शंका नाही; पण एका समाजाची पीछेहाट भरून काढण्याचे ओझे पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या गणिताच्या पेपरवर लादणे न्यायाचे नाही.

तिसरे कारण पंचांगाचे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी तितकाच अलीकडे येतो. १९९२ मध्ये तो मार्चमध्ये होता. एक फेरा पूर्ण करून तो पुन्हा परीक्षांच्या दिवसांत आला. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि रोजे २ मार्चपासून. पहाटेची सहरी, अकराचा पेपर, सायंकाळी इफ्तार आणि रात्री तरावीह, अशा दिनक्रमात झोपेचे तुकडे होतात. आणि वाचलेले स्मरणात पक्के होण्यासाठी झोप आवश्यक असते, हे आता सर्वमान्य आहे.

अशा वेळी घराने काय करावे? अर्थशास्त्रात घटत्या फलाचा नियम आहे. एकाच शेतात मजुरांमागून मजूर लावत गेल्यास प्रत्येक नव्या मजुरामागे मिळणारे जादा पीक कमी कमी होत जाते. परीक्षेच्या ऐन आठवड्यातील उपदेशाचे हेच होते. वर्षभराचा अभ्यास तोवर झालेला असतो वा राहिलेला असतो; त्यानंतरच्या प्रत्येक टोमण्याने गुण वाढत नाहीत, झोप मात्र उडते. म्हणून शांतता राखणे हा लाड नव्हे, तो काटकसरीचाच मार्ग आहे.

रोजाविषयीचा निर्णय परीक्षेपूर्वीच व्हावा. आजारी माणसाला व प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा धर्मानेच दिली आहे. प्रकृतीची शंका असेल तर डॉक्टरांचा आणि जाणत्या मौलवींचा सल्ला वेळेत घ्यावा. पेपरच्या पहाटे सहरीच्या ताटावर तो वाद नको. रोजा धरणाऱ्या मुलाने सहरीला पुरेसे पाणी प्यावे, नमाजनंतर जमल्यास तास-दीड तास निजावे आणि कठीण विषय रात्री उशिरापर्यंत उगाळत बसू नये. तरावीहला गेलेल्या शेजारच्या मुलाशी त्याची तुलनाही करू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. परीक्षा देणारा मुलगा असला की घरातील माणसे दबक्या पावलांनी वावरतात. परीक्षा देणारी मुलगी असली की तिने दुपारी पुस्तक मिटून इफ्तारच्या तयारीला लागावे, असे गृहीत धरले जाते. महिनाभर रोज दोन तास म्हणजे साठ तास झाले. बहिणीचे हे तास भावाने उचलावेत. इफ्तारची फळे त्यालाही कापता येतात.

परदेशातील वडिलांनीही पेपरची चौकशी मागे ठेवून, जेवलास का, झोपलास का, एवढेच आधी विचारावे. उंट बांधून ठेवावा आणि मग ईश्वरावर भरवसा ठेवावा, ही पैगंबरांची शिकवण प्रत्येक घरात ठाऊक आहे. अभ्यास म्हणजे उंट बांधणे. त्यानंतरचा भरवसा मात्र आईबापांच्या चेहऱ्यावर दिसला पाहिजे. दुआ मागणारे हात थरथरताना दिसले, तर मुलाला धीर कोठून येणार?

शेवटी निकालाचा दिवस. अनुत्तीर्णांसाठी आता वर्षभर थांबण्याचे कारण नाही. २०१५ पासून दहावीची पुरवणी परीक्षा निकालानंतर थोड्याच आठवड्यांत घेतली जाते. मंडळ परीक्षाकाळात दूरध्वनीवरून समुपदेशकांची सोयही करते. ही माहिती निकालानंतरच्या रडारडीत देण्याऐवजी आधीच, सहज बोलता बोलता द्यावी. काही झाले तरी घराचे दार आपल्याला उघडे आहे, हे ज्या मुलाला पेपरला जाताना ठाऊक असते, त्याच्या हातून निदान येणारे उत्तर तरी चुकत नाही.